वढवाणच्या वकिलापासून नर्सरीच्या फॉर्मपर्यंत

वढवाण कॅम्पात वकिली करणाऱ्या गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांना १९१३ साली मुलगा झाला. वकिली बरी चालली होती, खाऊनपिऊन सुखी घर होतं. पण बाप झाल्यावर या वकिलाच्या डोक्यात एक किडा शिरला: या पोराला शिकायला घालायचं कुठे? स्वतःच्या लहानपणची शाळा त्यांना चांगली आठवत होती, छडीसकट. ती मुलाच्या वाट्याला येऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. शोधता शोधता ते खेडा जिल्ह्यातल्या वसो गावी मोतीभाई अमीन यांची शाळा पाहायला गेले. मोतीभाईंनी मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीबद्दलचं वाचायला दिलं आणि वकीलसाहेबांचं कोर्टातलं लक्ष उडालं. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले, १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हटलं. आपण त्यांना गिजुभाई म्हणून ओळखतो.

थोडक्यात, मुलासाठी बालवाडी निवडायला निघालेल्या माणसाला निवडण्याजोगं काही दिसेना, म्हणून तो काढायलाच बसला.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरू लागतात, ‘अमुक शाळेचे नर्सरीचे फॉर्म निघाले’. चौकाचौकात पाट्या आहेत, पाटीवर फुगे आणि फुलपाखरं आहेत, बहुतेक नावांत ‘किड्स’ आहे. निवडायला उदंड आहे आणि आईबाप हवालदिल आहेत. त्यांचे प्रश्नही ठरलेले: बोर्ड कोणतं? पुढे दहावीपर्यंत शाळा आहे का? बस दारात येते का? कॅमेरे आहेत का? वढवाणच्या बापाचा प्रश्न वेगळा होता. तो विचारत होता की तिथे माझं मूल दिवसभर काय करील. हा प्रश्न कुठे, कसा हरवला हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

पूर्वी आपल्याकडे हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. पाच-सहा वर्षांचं होईतो मूल घरचंच. आजी, आत्या, कडेवर घेऊन फिरणारी मोठी बहीण, ओटा, अंगण, गोठा. पुढे चांगला दिवस बघून, बरेचदा दसऱ्याला, सरस्वतीची पूजा करायची आणि पोराला पंतोजींकडे बसवायचं. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं, ते पुसायचं, पुन्हा गिरवायचं. गावात पंतोजी बहुधा एकच, त्यामुळे निवडीचा घोळ नाही. अर्थात ही सोय ज्यांना दार उघडं होतं त्या जातींच्या मुलग्यांपुरती. मुलींना आणि गावकुसाबाहेरच्या पोरांना तेवढीही नव्हती, हे विसरून ‘आमच्या वेळी कसं छान होतं’ म्हणण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक गंमत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत १७८९ पासून काम करणारे अँड्र्यू बेल नावाचे पाद्री होते. इथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्यांनी पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली, १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं, आणि विलायतेतली गरीब पोरं वाळूच्या ताटात अक्षरं गिरवू लागली. पुढे शतकभराने मॉन्टेसरीबाईंची खरखरीत कागदाची, बोटाने गिरवायची अक्षरं आपल्याकडे नवलाई म्हणून आली, तेव्हा धुळाक्षरं कुणाला आठवली नसावीत.

शाळेत जायच्या वयाआधीच्या मुलांसाठी वेगळी जागा हवी, हा विचार मात्र आपला नव्हे. तो जर्मनीतला. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) हा थुरिंगियातल्या एका पाद्र्याचा मुलगा. वर्षाचा व्हायच्या आत त्याची आई गेली. तरुणपणी त्याने वनरक्षकाकडे उमेदवारी केली, बर्लिनला स्फटिकांचा अभ्यास केला, आणि पन्नाशी उलटल्यावर, १८३७ मध्ये, ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावात लहान मुलांसाठी खेळण्याची संस्था काढली. ‘किंडरगार्टन’ हे नाव त्याला १८४० मध्ये सुचलं.

फ्रोबेलच्या पेट्या हातात घेऊन बघण्यासारख्या आहेत. त्यांना तो ‘भेटी’ म्हणायचा. पहिल्या पेटीत लोकरीचे सहा मऊ चेंडू, प्रत्येकाला दोरी, सहांचे सहा रंग. दुसरीत लाकडी गोल, घन आणि त्या दोघांच्या मधला दंडगोल. गोल कसाही ठेवा, घरंगळतो; घन बसून राहतो; दंडगोल उभा केला तर बसतो, आडवा केला तर पळतो. हे मुलाला सांगायचं नाही, त्याच्या हाताला कळू द्यायचं. तिसऱ्या पेटीत एक घन आठ लहान घनांत कापलेला: मोडायचा, त्याचं घर करायचं, खुर्ची करायची, आणि शेवटी पुन्हा पेटीत बसवायचा. हा माणूस एकेकाळी स्फटिक न्याहाळत होता, ते इथे दिसतं. आज दुकानात ‘ब्लॉक्स’ म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक डब्याचं मूळ या तिसऱ्या पेटीत शोधता येईल.

आणि या पेट्यांना सरकार घाबरलं. १८४८ चे उठाव नुकतेच चिरडले गेले होते. १८५१ मध्ये प्रशियाने किंडरगार्टनवर बंदी घातली; कारण काय, तर त्यातून नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो. फ्रोबेलच्या पुतण्याने एक पुस्तिका लिहिली होती, तिचा राग काकावर निघाला असंही म्हणतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. त्याच्याकडे शिकलेल्या बायका तोवर देशोदेशी पांगल्या होत्या आणि जातील तिथे वर्ग काढत होत्या. लहान मुलांना शिकवणं हे बाईने शिकून, पगार घेऊन करायचं काम आहे, ही कल्पनाही त्यांच्याबरोबर फिरली. मराठी मुलखात ती पोचली ती याच वाटेने.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिकडे गेल्या होत्या. जायचं होतं थोड्या दिवसांसाठी, राहिल्या दोन वर्षांहून अधिक. त्या मुक्कामात त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं आणि त्या धर्तीवर मराठीत क्रमिक पुस्तकं तयार करायला घेतली. त्या स्वतः एका लहान मुलीच्या आई होत्या, विधवा होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं ते विधवांसाठी. त्यातल्या कित्येकी वयाने अजून मुलीच होत्या. त्यांना स्वतःच्या पायावर उभं करायचं तर हाती कोणती विद्या द्यायची, याचं रमाबाईंनी अमेरिकेत शोधलेलं एक उत्तर म्हणजे बालशिक्षण. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्यांनी फ्रोबेल मराठीत आणला, ही गोष्ट त्या गदारोळात बुडाली. बालवाडीच्या इतिहासात त्यांना पहिल्या ओळीत जागा द्यायला हवी, असं माझं मत आहे.

मॉन्टेसरीबाईंची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचा आरंभ फारसा कुणी सांगत नाही. रोममध्ये सान लोरेंझो ही मजुरांची वस्ती. एका बांधकाम कंपनीने तिथल्या पडक्या चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप सकाळी कामाला जात आणि शाळेच्या वयाची नसलेली पोरं दिवसभर जिन्यांतून धुडगूस घालत, नव्या रंगाच्या भिंती खराब करत. मालकांनी हिशोब केला: भिंतींच्या दुरुस्तीपेक्षा पोरांना एका खोलीत सांभाळणारं कुणी ठेवलं तर स्वस्त पडेल. त्या खोलीची जबाबदारी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे आली आणि ६ जानेवारी १९०७ रोजी पहिलं ‘बालघर’ उघडलं. पोरं सुमारे पन्नास. बाईंनी त्याआधी मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांबरोबर काम केलं होतं. तिथलं साहित्य त्यांनी इथे आणलं आणि बाजूला बसून बघत राहिल्या. एकेक मूल एकाच ठोकळ्याशी किती वेळ रमतं, मधेच उठवलं तर कसं चिडतं, काम झाल्यावर कसं शांत होतं, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. मुलाच्या उंचीची टेबलं, मुलाच्या हाताला येतील अशी कपाटं, मोठ्या माणसाने कमी बोलायचं: हे सगळं त्या खोलीतून आलं. भिंती वाचवायला निघालेल्या घरमालकांना जगाने धन्यवाद दिले पाहिजेत.

हेच सगळं वाचून गिजुभाईंनी वकिली सोडली. आणि त्यांच्यापाठोपाठ भावनगरला आल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईतला, प्रार्थनासमाजी वळणाच्या घरातला; पदवीधर. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, संसार टिकला नाही. पुढे राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पदरात लहान मुलगी होती, आणि तिच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांनाही सतावत होता. १९२३ मध्ये हुद्द्याची नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक १९३२ चं. शिक्षणावर लिहिणाऱ्या माणसाला विनोदही करता येतो याचा तो पुरावा आहे. ताराबाई पुढे मुंबईला परतल्या, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं आणि मराठी ‘शिक्षणपत्रिका’ही त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. दादर-हिंदू कॉलनीतल्या शिकलेल्या घरांतली मुलं मॉन्टेसरीच्या साहित्याशी खेळू लागली. मराठी मध्यमवर्गाने बालवाडी ‘निवडायला’ सुरुवात केली ती इथून.

ताराबाईंना मात्र एक गोष्ट डाचत होती. गुलाबी मनोरा, जिने, घंटा, दट्ट्यांच्या फळ्या: हे सगळं सुबक होतं आणि महाग होतं. दादरला परवडलं, पण गावाचं काय? आदिवासी पाड्याचं काय? वयाच्या पन्नाशीनंतर, चालतं शहरी काम सोडून, १९४५ च्या डिसेंबरात त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेलं. शिकून शिक्षिका झालेल्या. रमाबाईंनी ज्या मुलींसाठी बालशिक्षणाची वाट शोधली होती, त्यांच्यातली एक पन्नास-साठ वर्षांनी त्या वाटेवरून इतकी पुढे गेली.

बोर्डीला काय झालं ते जवळून पाहण्यासारखं आहे. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं, कुणाला गुरांमागे जायचं होतं, कुणाच्या घरी कळत नव्हतं की शिकवायचंच नाही तर एवढ्याशा पोराला तिथे पाठवायचं कशाला. मग ताराबाई-अनुताईंनी बालवाडी उचलली आणि वस्तीत नेली. कुणाचंतरी अंगण झाडून घ्यायचं, पोरं गोळा करायची. पहिला तास अक्षरांचा नाहीच. आंघोळ, नखं, केस, वाहती नाकं. ते उरकलं की गाणी, गोष्टी, मग हातांचं काम. साहित्य समुद्रावरून आणि झाडाखालून: शंख, शिंपले, चिंचोके, बिया, पानं, काड्या, खडे. शिंपल्यांची लहानमोठी रांग लावली की आकारमान कळतं, पानांच्या जोड्या लावल्या की साम्य-भेद कळतो, चिंचोके मोजता मोजता दहा होतात. इटलीहून आलेल्या लाकडी साहित्याचं काम किनाऱ्यावरच्या कचऱ्याने केलं. भोवती आया कामं करता करता बघत असत, त्यामुळे त्यांचंही शिक्षण आपोआप होई. बालवाडी अंगणात गेली म्हणून अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्त्यांमध्ये सरकलं. तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. तिचं नावच कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकीतून दुसरीत मूल सहज सरकावं अशी, ती विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात असेल तरच थोरली ताई शाळेत बसू शकते, हे साधं व्यवहारज्ञान त्यामागे होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच ‘पायाभूत स्तर’ मानला आणि बालवाडी व पहिली-दुसरी एका सूत्रात बांधल्या. ती बातमी आली तेव्हा नवीन काहीतरी घडल्यासारखी चर्चा झाली. कोसबाडचं नाव क्वचितच कुणी घेतलं.

मधल्या काळात मॉन्टेसरीबाई स्वतः भारतात येऊन गेल्या होत्या. १९३९ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला त्यांचा वर्ग भरला, देशभरातून सुमारे तीनशे शिक्षक आले. मुक्काम काही महिन्यांचा ठरला होता. पण युद्ध पेटलं, जून १९४० मध्ये इटली त्यात उतरली आणि बाई ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राच्या नागरिक झाल्या. त्यांना अड्यारच्या आवारात ठेवलं, आणि मुलगा मारिओ याची रवानगी झाली आपल्या अहमदनगरच्या कॅम्पात. ३१ ऑगस्टला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मारिओला सोडून दिलं. १९४६ पर्यंत दोघं भारतातच होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले शिक्षक देशभर पसरले. मॉन्टेसरी हे नाव आपल्याकडे घरोघरी झालं ते त्यामुळे. त्या नावावर कुणाचीच मालकी नाही. पाटीवर ते लावायला ना ठोकळे लागतात ना प्रशिक्षण, आणि हे पाटी रंगवणाऱ्यांना लवकरच कळलं.

१९७५ हे वर्ष या गोष्टीत वाट फुटण्याचं. २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरात ३३ प्रकल्प. महाराष्ट्रात धारावी आणि मेळघाटातली धारणी. योजनेच्या केंद्राचं नाव होतं अंगणवाडी. कोसबाडचं अंगण देशभर झालं, यात ताराबाई-अनुताईंचा विजय होताच. पण सरकारी अंगणवाडीवर सहा कामं सोपवली होती: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि सहावं, शाळापूर्व शिक्षण. कुपोषण समोर असताना आहार पहिला येणं योग्यच होतं. मात्र पहिल्या पाचांत सेविकेचा दिवस असा संपू लागला की सहाव्याला वेळ उरेना. वजनकाटा, खिचडी, रजिस्टरं, आता मोबाइलवरच्या नोंदी. त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. मानधनासाठी मोर्चे वेगळेच. राज्यात आज एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, तरी फॉर्मसाठी धावणाऱ्या आईबापांच्या यादीत त्यातली एकही नसते. ‘ती गरिबांची’ असं आपण ठरवून टाकलं आहे.

दुसरी वाट शहरात गेली. १९७०-८० च्या दशकांत घरं लहान झाली, आई नोकरीला लागली, आजी गावी राहिली, आणि इंग्रजी माध्यमाचं आकर्षण वाढलं. त्यातच एक तांत्रिक गोष्ट घडली, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. नावाजलेल्या शाळांनी पहिलीच्या वर्गाला स्वतःचे केजीचे वर्ग जोडले. वर्ग केजीतच भरले की पहिलीला बाहेरच्या मुलासाठी जागाच उरत नाही. त्यामुळे सहाव्या वर्षी मिळणारा प्रवेश चौथ्या वर्षावर आला, मग तिसऱ्यावर, आणि नर्सरीसाठी अडीचावर. बालवाडी निवडणं म्हणजे दहावीपर्यंतची शाळा निवडणं झालं. मूल तिथे दिवसभर काय करील हा प्रश्न त्या क्षणी मागे पडला, कारण पणाला लागली होती पुढची बारा वर्षं. फॉर्मसाठी आदल्या रात्रीपासून रांगा, देणग्या, आणि तीन वर्षांच्या जिवाची मुलाखत: नाव सांग, हा रंग कोणता, हा प्राणी कोणता. बापाची डिग्री, आईचं इंग्रजी, दोघांचा पगार. अशा मुलाखतीची तयारी करून घेणारे वर्गही निघाले. ज्या वयात मुलाने अनोळखी माणसाला बघून आईच्या पदराआड लपणं अगदी स्वाभाविक, त्या वयात लपणारं मूल नापास.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. १९८९ मध्ये आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या आपल्या पहिल्याच भाषणात दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांचा विषय काढला. त्यातून पुढे प्रा. यशपाल समिती नेमली गेली. तिच्या १९९३ च्या अहवालात नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असं स्वच्छ लिहिलं आहे. महाराष्ट्राने प्रा. राम जोशी समिती नेमली आणि १९९६ मध्ये शाळापूर्व केंद्रांच्या प्रवेशांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने देणगी आणि चाळणी दोन्हींना बंदी घातली. मुलाखतीचं नाव बदललं. बऱ्याच ठिकाणी ती आता ‘इंटरॅक्शन’ असते.

कायद्याची खरी फट वेगळी आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. सहाच्या आतल्यांसाठी २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ सांगतं की राज्य त्यांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी ‘प्रयत्न’ करील. प्रयत्नाला कोर्टात खेचता येत नाही. अनुदानाचंही तेच: ते पहिलीपासून सुरू होतं. त्यामुळे जुन्या, चांगल्या मराठी शाळेच्या शिशुवर्गातल्या बाईंचा पगारही पालकांच्या फीमधून निघतो, आणि शेजारच्या खोलीत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंच्या पगाराशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. सगळ्यांत नाजूक वय सांभाळणारी बाई सगळ्यांत कमी पगाराची, हे आपण इतकी वर्षं चालवून घेतलं आहे.

या मोकळ्या जागेत बाजार आला. एका शहरातली कंपनी, तिची फ्रँचायझी, बंगल्याच्या तळमजल्यावर शाळा, प्लास्टिकची घसरगुंडी, भिंतीवर विदेशी कार्टून, आणि वर्षअखेरीला चार वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर काळ्या टोप्या चढवून ‘ग्रॅज्युएशन’. यातल्या काही शाळा खरोखर चांगल्या आहेत. सरसकट सगळ्यांना एका काठीने हाकण्यात अर्थ नाही. पण चार रेघी वहीत साडेतीन वर्षांच्या मुलाकडून पानभर अक्षरं काढून घेणं हे या शाळा मोठ्या अभिमानाने दाखवतात, आणि आईबाप ते बघून समाधानाने पैसे भरतात. बोटांना पेन्सिल धरायची ताकद यायच्या आधी लिहायला लावलं की काय होतं ते मुलाच्या मुठीकडे बघून कळतं: पेन्सिल काठीसारखी आवळलेली, खांदा वर चढलेला, जीभ दातांत. त्या हाताला आधी कणिक मळू द्यावी, माती कालवू द्यावी, मणी ओवू द्यावेत. फ्रोबेल, मॉन्टेसरी, ताराबाई यांचं एकमेकांशी कितीतरी बाबतीत पटलं नसतं. पण ती वही तिघांनीही बंद केली असती.

एक हिशोब लक्षात ठेवा. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, नर्सरीसाठी तीन. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं असताना वर्गात बसू शकतं. बसू शकतं, बसवलंच पाहिजे असं नाही. एक वर्ष थांबल्याने कुणाचं काही बुडत नाही, आणि वर्गात सहा महिन्यांनी मोठं असणं या वयात फार मोठी गोष्ट असते.

शाळा बघायला जाल तर पालकांसाठी सजवलेल्या दिवशी जाऊ नका. एखाद्या मंगळवारी साडेदहाला जा आणि अर्धा तास मागे बसू द्या म्हणून विनंती करा. नकार मिळाला तर पुढचं बघायची गरज नाही. बसू दिलं तर खेळणी कुठे आहेत ते पाहा: मुलाच्या हाताला येतील अशी खाली, की कपाटावर प्लास्टिकच्या वेष्टनात. जास्त कोण बोलतंय, बाई की मुलं? रडणाऱ्या मुलाला कोण उचलतं आणि किती वेळाने? बाई मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलते की ‘सिट डाउन’वर भागवते? संडास केवढा आहे, स्वच्छ आहे का, तिथे मुलासोबत कोण जातं? वहीतली अक्षरं दाखवली तर ती बाजूला ठेवा आणि मातीचं, रंगांचं काम विचारा. घरापासून किती अंतर आहे हे बोर्डापेक्षा महत्त्वाचं. तीन वर्षांच्या मुलाने तासभर बसमध्ये काढावा असं जगातलं कुठलंही बोर्ड नाही. फी विचारताना बाईंचा पगार किती आणि त्या इथे किती वर्षं आहेत तेही विचारा. तोंडावर विचारायला संकोच वाटेल, पण ज्या शाळेत दरवर्षी बाई बदलते तिथे मूल दरवर्षी नव्याने रडतं.

आणि फॉर्मचे पैसे भरण्याआधी घराजवळच्या अंगणवाडीत एकदा डोकावून या. कदाचित निराश व्हाल, कदाचित तिथे एखादी ताई चिंचोके मांडून बसलेली असेल. तिथे फी नाही, देणगी नाही आणि मुलाखतही नाही.